सॅकमधला कॅमेरा छातीवर आणताना

प्रश्न : मी एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा डीएसएलआर, म्हणजे बदलत्या लेन्सचा मोठा कॅमेरा वापरतो. सोबत १८-१४० आणि ७०-३०० मिमी अशा दोन झूम लेन्स. पिशवीसकट वजन अडीच किलोच्या घरात जातं. डोंगरातले दहा-बारा दिवसांचे ट्रेक, सायकलवरचे लांबचे प्रवास आणि कधीमधी कयाकिंग, असा माझा नाद. गेल्या दोन मोहिमांत कॅमेरा बहुतेक वेळ सॅकमध्येच राहिला आणि फोटो काढले ते फोनवर. छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याकडे वळावं असं वाटतंय, पण दर्जा किती घसरेल याची धास्ती आहे. कोणता घ्यावा? एकच कॅमेरा सगळीकडे चालेल का? जुना संच विकून टाकू का? तीन महिन्यांनी बर्फाळ खिंडी ओलांडणारा मोठा ट्रेक आहे, त्याआधी ठरवायचं आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वजनाचं नाही, कॅमेरा सॅकमध्ये राहिला हे आहे. कॉम्पॅक्ट घेऊन तोही सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवलात, तर दोन किलो वाचतील, पण फोटो वाढणार नाहीत. म्हणून आधी एक गोष्ट पक्की करा. कॅमेरा सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर छातीच्या उंचीला किंवा कमरपट्ट्यावरच्या पाउचमध्ये राहील, आणि चालता चालता एका हाताने चार-पाच सेकंदांत बाहेर निघेल. हे जमणार असेल तर वळा, आणि खुशाल वळा.

आता दर्जा. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमीचा, तर चांगल्या कॉम्पॅक्टमधला '१ इंची' म्हणवला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिमीचा. क्षेत्रफळात तिपटीहून थोडा जास्त फरक, म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात सुमारे १.७ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पण हिशेब इथे संपत नाही, लेन्सही त्यात धरावी लागते. तुमची १८-१४० लेन्स रुंद टोकाला एफ/३.५ आणि लांब टोकाला एफ/५.६ आहे (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). कॅनन जी७ एक्स मार्क ३ सारख्या कॅमेऱ्याची २४-१०० लेन्स एफ/१.८ ते एफ/२.८ आहे, म्हणजे दोन्ही टोकांना जवळपास दोन स्टॉप जास्त उघडी. सेन्सर लहान असल्याने जे गेलं ते लेन्सने भरून दिलं. संध्याकाळच्या उजेडात तुमच्या आत्ताच्या संचाच्या तोडीचाच फोटो मिळेल. सोनी आरएक्स१०० ७ ची लेन्स २४-२०० मिमी, पण एफ/२.८ ते एफ/४.५. तिथे तुम्ही साधारण एक स्टॉप मागे पडाल. म्हणजे जिथे आज आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० लावता, तिथे ५०० वर थांबलात तरच तेवढाच स्वच्छ फोटो येईल. तेवढ्यापुरता शटर निम्म्या गतीने चालवावा लागेल, आणि स्थिर दृश्यात ही उणीव कॅमेऱ्यातलं हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन भरून काढतं. पळणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

छपाईची चिंता असेल तर हा आकडा बघा. २० मेगापिक्सेलचा फोटो ५४७२ × ३६४८ पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तरी ४६ × ३१ सेंमीचा प्रिंट सहज निघतो.

कोणता घ्यायचा याचं उत्तर तुमच्याच जुन्या फोटोंमध्ये आहे. गेल्या दोन-तीन वर्षांतले तुम्हाला खरोखर आवडलेले शंभरेक फोटो निवडा. लाइटरूम किंवा डिजिकॅम या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये ते फोकल लेंग्थनुसार (लेन्सच्या मिमीतल्या आकड्यानुसार) गाळता येतात. आलेला आकडा दीडने गुणा, कारण कॉम्पॅक्टच्या लेन्सचे आकडे फुल फ्रेमच्या, म्हणजे एपीएस-सीहूनही मोठ्या सेन्सरच्या भाषेत सांगितलेले असतात. तुमची १८-१४० त्या भाषेत २७-२१० होते. मग बघा, ढीग कुठे लागतो. शंभरातले सत्तरएक २४ ते ३५ मध्ये पडत असतील, तर झूमची गरज तुम्हाला वाटते तेवढी नाही. अशांसाठी रिको जीआर ३ आहे. एपीएस-सी सेन्सर, २८ मिमी एफ/२.८ ची न बदलणारी लेन्स, आणि बॅटरी-कार्डासकट वजन फक्त २५७ ग्रॅम. म्हणजे सेन्सर तुमच्या डीएसएलआरएवढाच आणि वजन एखाद्या झूम लेन्सच्या निम्म्याच्या आसपास. ढीग २४ ते १०० असा पसरला असेल, तर जी७ एक्स मार्क ३ च्या जातीचा. शंभराच्या पुढेही बरेच फोटो असतील, तर आरएक्स१०० ७. दोनशेच्या पुढचे फोटो, म्हणजे दूरचे पक्षी आणि कड्यावरची जनावरं, यांच्यासाठी खिशात मावणारा चांगला पर्याय नाही. पॅनासॉनिक टीझेड२०० सारखे कॅमेरे ३६० मिमीपर्यंत जातात खरे, पण तिथे लेन्स एफ/६.४ वर आलेली असते. भर उन्हाशिवाय ते टोक वापरू नये.

२८ मिमीच्या एकाच लेन्सवर दिवस निघेल का, याची चाचणी पैसे न घालता करता येते. तुमची १८-१४० लेन्स १८ आणि २० च्या मध्ये आणून झूमच्या कड्यावर चिकटपट्टी लावा आणि दोन आठवडे तसंच फिरा. पट्टी काढावी असं वारंवार वाटलं, तर झूमच घ्या.

ही मोजदाद न करता नाव हवं असेल, तर तुमच्या पत्रावरून आमचं मत आरएक्स१०० ७ च्या बाजूने आहे. वजन ३०२ ग्रॅम, आणि मुख्य म्हणजे त्यात वर उचलून उघडणारा, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर आहे. तो जी७ एक्समध्ये नाही आणि रिकोमध्येही नाही. बर्फावर भर दुपारी मागचा पडदा धड दिसत नाही, कितीही उजळ केला तरी. त्यात डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल असेल, तर कॅमेरा आडव्याचा उभा करताच पडदा काळाठिक्कर होऊ शकतो. पडदा बिघडला म्हणून लोक घाबरतात, पण तो नुसता दोन पोलरायझरांचा खेळ असतो. कॅमेरा थोडा तिरका करा किंवा गॉगल वर सरकवा.

आता नाजूक जागा. या तीनही कॅमेऱ्यांना पाऊस-धुळीपासून संरक्षण नाही. वरचेवर पुढे-मागे होणारी लेन्सची नळी हा त्यांचा खरा दुबळा अवयव. नळी बाहेर येताना आतली पोकळी वाढते आणि फटीतून हवा आत ओढली जाते. हवेबरोबर धूळही जाते. बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यात सेन्सर उघडून पुसता येतो, इथे तो बंद आहे. एकदा कण सेन्सरवर बसला की कॅमेरा उघडणाऱ्या कारागिराकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. निघायच्या आधी आणि आल्यावर एफ/११ लावून मोकळ्या आकाशाचा किंवा कोऱ्या भिंतीचा थोडा बाहेर-फोकस फोटो काढून बघा. काळसर गोल डाग दिसले, तर तीच धूळ.

त्याहून वाईट म्हणजे रेतीचा कण नळीच्या फटीत अडकणं. झूम करताना करकर आवाज आला की लगेच थांबा. पुन्हा पुन्हा चालू-बंद करून नळी जोर लावून हलवली, तर आतल्या बारीक प्लॅस्टिक गिअरचे दात तुटतात आणि पडद्यावर लेन्सचा एरर येऊन बसतो. लेन्स खाली करून हातातल्या रबरी ब्लोअरने फटीवर चारी बाजूंनी हवा मारा. डब्यातली दाबाखालची हवा वापरू नका. ती कण आत ढकलते, आणि डबा तिरका झाला तर थंड द्रवही फेकते.

पाउचमध्ये चालू-बंदचं बटण दाबलं जाणं हे नळी बिघडण्याचं दुसरं कारण, आणि याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. कॅमेरा चालू होतो, नळी बाहेर यायला बघते, समोर पाउचची भिंत, आणि मोटर अडून बसते. म्हणून पाउच किंचित कडक भिंतींचा घ्या, आणि कॅमेरा असा ठेवा की बटणाची बाजू शरीराकडे दाबली जाणार नाही. आत आधी एक पातळ झिप-पिशवी घाला. ऊन असेल तर ती उघडी राहू दे, धुळीचा रस्ता किंवा पाऊस आला की दोन बोटांनी बंद. पाउचच्या तळाशी साठलेली माती रोज संध्याकाळी उलटी करून झटका. बरीच धूळ कॅमेऱ्यात वाऱ्याने येत नाही, पाउचमधूनच येते.

मनगटाचा पट्टा लावाच, पण एवढ्यावर थांबू नका. साधारण २ मिमी जाडीच्या दोरीचा एक फास कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीतून घेऊन सॅकच्या पट्ट्याला बांधा. लांबी एवढी, की हात पूर्ण वर नेता येईल आणि कॅमेरा सुटला तर गुडघ्याच्या वरच लटकेल. दोन्ही काठ्या हातात घेऊन उतरताना हीच दोरी कॅमेरा वाचवते. दोरी सॅकलाच बांधा, गळ्यात अडकवू नका. पडताना गळ्यातली दोरी झाडोऱ्यात किंवा खडकात अडकणं धोक्याचं आहे.

कयाकिंगबद्दल. एकच कॅमेरा सगळीकडे चालेल का, तर नाही चालणार, आणि चालवायचा प्रयत्नही करू नका. पाण्यासाठी बनवलेला ओएम सिस्टीम टीजी-७ हा १५ मीटर खोलीपर्यंत पाणी सोसतो, २.१ मीटरवरून पडणं सोसतो आणि उणे १० अंशांपर्यंत चालतो. त्याची झूम आतल्या आत हलते, बाहेर येणारी नळीच नाही, म्हणून धूळ हा प्रश्न उरत नाही. पण त्याचा सेन्सर १/२.३ इंची, म्हणजे १ इंचीच्या साधारण पाव क्षेत्रफळाचा. आयएसओ ४०० च्या पुढे बारीक तपशील पुसट व्हायला लागतात. ज्यांचा निम्म्याहून जास्त वेळ पाण्यात जातो त्यांनी तो जरूर घ्यावा. तुम्ही कधीमधी वल्हवणारे. तुमच्यासाठी झाकणाला रबरी कडा असलेली छोटी कडक वॉटरप्रूफ डबी पुरे. ती कयाकला क्लिपने अडकवा, आणि कॅमेरा संथ पाण्यात किंवा काठावरच बाहेर काढा. हात आधी कोरडे करा, मग डबी उघडा.

पुढेमागे टीजी घेतलात, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्याच्या झाकणाच्या रबरी कडेवर एक केस किंवा वाळूचा एक कण असला तरी पाणी आत शिरतं, म्हणून बंद करण्याआधी कडा कापडाने पुसायची आणि बोट फिरवून बघायची. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात काही मिनिटं बुडवून ठेवा, पूर्ण वाळवा, आणि मगच झाकण उघडा. हा कॅमेरा पाण्यात तरंगत नाही, म्हणून तरंगणारा पट्टा हवाच.

थंडीत बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो, त्यामुळे ताकद शिल्लक असूनही ती वेळेआधी 'संपली' म्हणते. अशी बॅटरी फेकल्यासारखी तळाशी टाकू नका. आतल्या जाकिटाच्या खिशात अर्धा तास ऊब मिळाली की ती पुन्हा काही डझन फोटो देते. आरएक्स१०० ७ ची बॅटरी प्रमाणित चाचणीत २६० फोटो देते, रिकोची २००. बारा दिवस, रोज ८०-९० फोटो, म्हणजे हजाराच्या आसपास. तुमच्यासाठी चार बॅटऱ्या आणि १०,००० एमएएचची एक पॉवर बँक. कागदावर त्या बँकेत ३७ वॅट-तास असतात आणि कॅमेऱ्याच्या बॅटरीत साधारण साडेचार. पण व्होल्टेज बदलताना आणि थंडीत बरंच वाया जातं, म्हणून चार-पाच वेळा भरेल एवढाच हिशेब धरा. त्यातही फोन आहे. फोनची बॅटरी नकाशासाठी आणि अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवता येणं, हाही वेगळा कॅमेरा बाळगण्याचा मोठा फायदा आहे. शून्याखाली बॅटरी चार्ज करू नका. आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची दुबळी होते. रात्री झोपण्याच्या पिशवीत बॅटऱ्या सोबत घ्या आणि चार्जिंगही तिथेच पायाशी न करता, जागे असताना, तंबूतल्या उबेत उरका. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायच्या, टोकं झाकून. आणि घरीच एकदा करून बघा : तुमच्या केबलने, तुमच्या पॉवर बँकेवर, तुमचा कॅमेरा खरंच चार्ज होतो का? काही कॅमेरे साध्या ५ व्होल्टच्या बँकेला दाद देत नाहीत.

बाहेर उणे दहा आणि स्वयंपाकाचा तंबू उबदार व दमट, अशा वेळी गार कॅमेरा आत नेला की बाहेरूनच नव्हे तर लेन्सच्या आतूनही दव धरतं. आत जाण्यापूर्वी, बाहेरच, तो झिप-पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि पिशवी बंद करा. दव पिशवीवर धरेल. कॅमेरा आतल्या तापमानाला यायला तासभर लागतो, तोवर उघडायचा नाही. कार्ड पाहायची घाई असेल तर तंबूत शिरण्याआधीच ते काढून घ्या.

मांडणी घरीच बसवून ठेवा, कारण हातमोजे घालून मेनूत शिरणं होत नाही. टचस्क्रीन बंद करा, पावसाच्या थेंबांनीही फोकस इकडेतिकडे पळतो. वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद. ॲपर्चर प्रायॉरिटी (एफचा आकडा तुम्ही ठरवायचा, शटर कॅमेरा ठरवतो), ऑटो आयएसओ, कमाल मर्यादा १ इंची सेन्सरला ३२००, किमान शटर १/२५०. सायकल, उडी, वल्ही यांसाठी दुसरी स्मृती : शटर प्रायॉरिटी (इथे शटर तुम्ही ठरवायचं), १/१०००, सलग फोटो. या दोन मांडण्या मोड डायलवर साठवता येतात. तिसरीची सहसा गरज पडत नाही.

डीएसएलआरची एक सवय इथे मोडावी लागते. दऱ्याखोऱ्यांचा फोटो म्हणजे एफ/११, हे लहान सेन्सरवर चुकीचं आहे. डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) १ इंची सेन्सरवर एफ/५.६ च्या पुढे फोटो मऊ व्हायला लागतो, एफ/११ वर तर उघडच दिसतो. आणि त्याची गरजही नाही. २४ मिमीच्या टोकाला लेन्सची खरी फोकल लेंग्थ ८.८ ते ९ मिमी असते. एफ/४ वर पावणेदोन मीटरला फोकस धरलात, तर सुमारे ९० सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव येतं. पायाजवळचं फूल आणि मागचं शिखर, दोन्ही. फुल फ्रेम सेन्सरवर यासाठी एफ/११ लागतो. रिको घेतलात तर त्यातला स्नॅप फोकस (आधीच ठरवलेल्या अंतरावर बसणारा फोकस) २.५ मीटरवर आणि एफ/८ ठेवा. साधारण सव्वा मीटरच्या पुढचं सारं आपोआप फोकसमध्ये असतं, बटण दाबताच फोटो, ऑटोफोकसची वाट बघणं नाही.

बर्फावर कॅमेऱ्याचं मोजमाप बर्फाला राखाडी समजतं आणि फोटो काळवंडतो. एक्स्पोजरची भरपाई +१ पासून सुरू करा, गरज पडल्यास +१.७ पर्यंत जा, पण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका. लहान सेन्सरवर जळलेला पांढरा रंग रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधूनही परत येत नाही. भर उन्हात एफ/४ आणि आयएसओ १०० वर शटर १/२००० च्या पलीकडे मागितलं जातं, आणि आरएक्स१०० ७ चं मेकॅनिकल शटर तिथेच थांबतं. तेव्हा एफ/५.६ करा. इलेक्ट्रॉनिक शटर स्थिर डोंगराला चालतं.

लेन्समध्येच बसवलेल्या शटरची एक देणगी तुमच्या डीएसएलआरकडे नाही. डीएसएलआरचा फ्लॅश साधारण १/२०० च्या पुढे साथ देत नाही, आरएक्स१०० ७ चा देतो. सूर्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या सोबत्याचा टोपीखालचा काळा चेहरा, छोटा फ्लॅश आणि १/१००० शटर, मागचं आकाश निळंच राहतं. माणूस दोन मीटरच्या आत हवा, फ्लॅशमध्ये त्याहून जास्त दम नाही.

फोटो रॉ आणि जेपेग दोन्ही काढा. ६४ जीबीची दोन कार्डं, एकाच १२८ पेक्षा बरी. या कॅमेऱ्यांत कार्डाची जागा एकच असते, म्हणून सहाव्या दिवशी कार्ड बदला आणि पहिलं अंगावर, कॅमेऱ्यापासून वेगळं ठेवा. ट्रायपॉडऐवजी पाव किलोच्या आतला टेबलावरचा छोटा पुरतो, दगडावर ठेवायचा आणि २ सेकंदांचा टायमर. किडे पळवणारं डीईईटी असलेलं मलम हाताला लागलेलं असताना कॅमेरा धरू नका. ते प्लॅस्टिक आणि रबर विरघळवतं, पकडीची जागा चिकट होऊन जाते.

वेळापत्रक असं ठेवा. या पंधरवड्यात फोटोंची मोजदाद आणि चिकटपट्टीची चाचणी. महिना संपायच्या आत खरेदी. त्यानंतर किमान पाचशे फोटो, त्यातले शंभर हातमोजे घालून आणि पन्नास भर पावसाच्या तोंडावर, म्हणजे पिशवी उघडणं-मिटणं हाताला सवयीचं होईल. एक पूर्ण दिवसाची चढण भरल्या सॅकेसह करा आणि पाउचची जागा ठरवा. पाउच काठीच्या हाताला घासत असेल तर दुसऱ्या खांद्यावर न्या.

जुना संच आत्ता विकू नका. ट्रेकवरून आल्यावर नव्या कॅमेऱ्याच्या फोटोंचीही तशीच मोजदाद करा. २०० मिमीच्या टोकाला अडून कातरलेले फोटो दहाएक टक्क्यांहून जास्त निघाले, तर ७०-३०० आणि बॉडी ठेवा, मुद्दाम जनावरं-पक्ष्यांसाठी काढलेल्या सहलींना न्या. १८-१४० मात्र तेव्हा लगेच विकलीत तरी चालेल. तिचं काम आता तुमच्या छातीवरचा कॅमेरा करतो आहे.